जगायला गेलेली माणसं

दसरा मागे पडला की जव्हारच्या पठाराचा हिरवा रंग उतरायला लागतो. आधी हळवं भात पिवळं पडतं, मग उतारावरची नागली, मग वरई, आणि सगळ्यात शेवटी खोलगट खाचरांतलं गरवं भात. सकाळी दऱ्या धुक्याने भरलेल्या असतात आणि ऊन वर आलं की सगळीकडून कापलेल्या भाताचा वास येऊ लागतो. थोडा ओला, थोडा गोडसर. यंदा नाशिकहून एसटीने आले, जव्हारच्या स्टँडवर उतरले, आणि तो वास नाकात शिरला तशी मी बॅग खाली ठेवून जरा वेळ उभीच राहिले. मागून उतरणारी एक बाई म्हणाली, "सरक ना बाय, पुढं जाऊ दे." मी सरकले.

याच दिवसांत काही वर्षांपूर्वी मी इथे कामासाठी येऊन राहिले होते. भातकापणी सुरू व्हायच्या सुमाराला आले आणि माणसं गाव सोडून गेली तेव्हा मीही गेले. तेवढाच तो ऋतू. त्याच्या आधीचे आणि नंतरचे सगळे हंगाम माझ्या मनात एकमेकांत मिसळून गेले आहेत, हा एक मात्र वेगळा राहिला आहे.

कामासाठी गाव सोडून जाण्याला आमच्याकडे 'जगायला जाणं' म्हणतात. वीटभट्टीवर, रेतीवर, ठाण्या-भिवंडीच्या बांधकामांवर. बाजारपेठेत बाबांचं भांड्यांचं दुकान होतं. दिवाळी झाली की गिऱ्हाईक आटायचं आणि बाबा संध्याकाळी घरी येऊन म्हणायचे, "गेले सगळे जगायला." आई म्हणायची, "मग उद्यापासून दुपारी घरी जेवायला या." इतकं ते साधं वाक्य होतं. त्यात जगणं कुठे आहे आणि ते कुठे नाही, याचा विचार मी मोठी होऊन इथून बाहेर पडले तरी केला नव्हता.

मंगलताईंनी तो करायला लावला. त्या मूळच्या वावर गावाकडच्या. जन्मभर नर्सची नोकरी केली, निवृत्तीनंतर जव्हारमध्येच राहिल्या. त्यांच्या लक्षात असं आलं होतं की पाड्यांवरून बाहेर गेलेली सगळीच माणसं भट्टीवरची नसतात. कोणी पोलिसात आहे, कोणी रिक्षा चालवतं, कोणी शिक्षक झालंय, कोणी नाशिकच्या कारखान्यात कायम लागलंय. त्यांचा गावाशी धागा सुटत चाललाय. त्यांच्यासाठी एक वेबसाइट काढायची. वर्षाची वर्गणी भरून त्यांनी सभासद व्हायचं, आणि त्या वर्गणीवर ती चालायची. गावातल्या माणसांना सगळं फुकट. लिहिणं-वाचणं कमी, बोलणं जास्त. पाड्यावरची बाई फोनमध्ये बोलणार, ते बाहेर बसलेल्याला ऐकू येणार. नाव त्यांनी आधीच ठरवलं होतं: सांगावा.

"तू हेच काम करतेस ना तिकडे?" त्यांनी मला विचारलं. मी हेच करत होते. बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणजे काय, हे आईला सांगताना मी म्हणायचे, कोणाला काय हवंय ते नीट ऐकून घ्यायचं, आणि बनवणाऱ्याला कळेल असं मांडून द्यायचं. आई म्हणायची, "म्हणजे मध्यस्थ." तेही खरंच. मी रजा काढली, थोडं काम घरून करायची सवलत घेतली आणि जव्हारला येऊन राहिले.

ते दिवस आठवतात ते जीपमध्ये बसलेले. मांडीवर कोणाचं तरी पोर, पायाशी कोंबडीची पाटी, आणि खिडकीबाहेर कापणीला वाकलेली माणसं. कोणालाही वेळ नव्हता. मला त्यांच्याशी बोलायचं तर बांधावर जाऊन बोलावं लागे. दाभोश्याला एक म्हातारी विळा न थांबवता माझ्याशी बोलली. तिच्या दोन मुली लग्न होऊन पार वसईकडे गेल्या होत्या. मी तिला समजावलं की ती बोलेल ते मुलींना ऐकू येईल, मग त्याही तिकडून बोलतील.

ती म्हणाली, "त्या बोलल्या नाय तरी चालंल. पण मी बोलला तो कोणी ऐकला का, ते माना कळला पाहिजे. नायतर मी काय भिताडाशी बोलू?"

मी तिचं म्हणणं जसंच्या तसं उतरवून घेतलं. सांगाव्याच्या आराखड्यात पुढे प्रत्येक निरोपाखाली एक खूण आली: कोणी ऐकला नसेल तर करडी, ऐकला असेल तर हिरवी.

मोखाड्याच्या बाजारात एक तरुण बाई भेटली. आईला बाजारातच भेटून परत जाणार होती. नाशिकला एका दवाखान्यात कामाला होती. सगळं शांतपणे ऐकून घेऊन तिने मला बाजूला, बांगड्यांच्या दुकानामागे नेलं. तिचा नवरा शेजारच्याच पाड्यावरचा. मारायचा. ती रातोरात पळून गेली होती, आणि आईशिवाय कोणाला तिचा पत्ता माहीत नव्हता.

"मी यात आले तर मी कुठं राहते ते कोणाला दिसेल का?"

"नाही दिसणार."

"मी यात हाय, हे तरी?"

तोवर माझ्या डोक्यात सभासदांची यादी होती, गावाच्या नावावर बोट ठेवलं की उघडणारी. बाहेर गेलेले सगळे एका ठिकाणी दिसतील, ही तर सगळ्यांना आवडलेली गोष्ट होती. मी म्हणाले, "तुला नको असेल तर तेही दिसणार नाही."

त्या संध्याकाळी मंगलताईंच्या ओट्यावर आमचा वाद झाला.

"यादीच नाही, मग गाव कसलं?" त्या म्हणाल्या. "गावात सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं."

"म्हणून तर ती गाव सोडून गेली, ताई."

त्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. नर्स म्हणून त्यांनी असल्या बायका खूप पाहिल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "बरं. लिही." मी लिहिलं: सभासद कुठे आहे, आणि तो सभासद आहे की नाही, हे त्याच्या परवानगीशिवाय कोणालाही सांगितलं जाणार नाही. नात्यातल्या माणसालाही नाही. 'नात्यातल्या' हा शब्द मंगलताईंनीच घालायला लावला. तो नवराही नात्यातलाच होता.

मग वांगणी. वावरच्या पुढे तेव्हा नुकताच रस्ता झाला होता, त्याची खडी अजून टायरखाली कुरकुरत होती. अंगणवाडीच्या ओसरीत मी बायकांना साइटचं समजावत होते. माणसं कागदावर काढलेली चित्रं बघत होती. एक म्हातारा दाराच्या बाहेर उभा राहून ऐकत होता. सगळे पांगल्यावर तो आत आला. उंच, वाळलेला, खांद्यावर टॉवेल. आमच्याकडची पाड्यावरची माणसं कोणाला अहो-जाहो करत नाहीत, कलेक्टर आला तरी 'तू'च म्हणतात.

"बाय, तू म्हणतं ते सगळे जगायला गेलेले यात येतील?"

"जे वर्गणी भरतील ते येतील, बाबा."

"माझा सोकरा येल का? किसन त्याचा नाव. किसन रावजी."

त्याचा हा मुलगा बरीच वर्षं आला नव्हता. भट्टीवर नव्हता, रेतीवर नव्हता, शोधणारे शोधून थकले होते. रावजीबाबाला वाटलं होतं, बाहेर गेलेली सगळी माणसं मी कुठेतरी गोळा केली आहेत आणि आता एकेकाचं नाव घेऊन दाखवणार आहे. मी त्याला समजावून सांगितलं. त्याने मान हलवली. दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा पुन्हा विचारलं. तिसऱ्या खेपेलाही. तक्रार नव्हती, घाई नव्हती. पीक कसं आहे विचारावं तसा विचारायचा.

मंगलताईंना ते घर ठाऊक होतं. एका पावसाळ्यात किसनच्या बायकोला वेणा सुरू झाल्या होत्या. रस्ता नव्हता, झोळीतून न्यायचं. पाऊस धो धो होता. रावजी म्हणाला, जरा उघडू दे, मग निघू. उघडायला वेळ लागला. ती वाटेतच गेली, बाळही गेलं. "म्हाताऱ्याचं तरी काय चुकलं?" मंगलताई म्हणाल्या. "त्या पावसात ओढ्याला उतार नव्हता. आधी निघाले असते तर झोळी धरणारेही वाहून गेले असते. पण पोरगा त्यानंतर बापाशी बोलला नाही. दिवस-पाणी झालं आणि निघून गेला."

वाघबारशीला आम्ही सांगावा चाचणीपुरता सुरू केला. दिवाळीनंतर माणसं निघायच्या आत तो त्यांच्या फोनमध्ये जायला हवा होता. पुण्याहून मिलिंद, साइट बांधणारा, रोज फोन करून वैतागायचा, कारण मी रोज काहीतरी बदलायला सांगे. घराघरांत चवळीच्या शेंगा आणि करांदे उकडत होते. पानात उकडलेल्या काकडीच्या सावेल्या कोणीतरी हातावर ठेवल्या होत्या, त्या खात खात मी त्याला बटणाचा रंग सांगत होते. पाड्यापाड्यांवर तारपा सुरू झाला होता. मला वाटतं मी इतक्या सुखात पुन्हा कधी काम केलं नाही.

नव्या सभासदाला आधी गाव आणि वडिलांचं नाव सांगावं लागे, म्हणजे भलताच कोणी शिरू नये. ते तपासायचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. दिवाळीच्या पाडव्याला, दुपारी, जेवण होऊन हात धुऊन मी बसले आणि नवे अर्ज उघडले. तिसरा की चौथा असेल. गाव वांगणी. वडील रावजी. नाव किसन. खाली प्रश्न होता: तुमचं नाव इतरांना दिसावं का? उत्तर होतं: नको.

आई आतून विचारत होती, शंकरपाळे देऊ का. मी तो अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला.

मी साइटवरूनच त्याला निरोप पाठवला. तुमचे वडील तुमची चौकशी करतात. ते बरे आहेत. त्यांना तुमच्याबद्दल सांगितलेलं चालेल का? दोन दिवस काही आलं नाही. मग त्याचा आवाज आला. मागे कुठली तरी मोठी मोटार चालल्याचा आवाज होता.

"बाय, त्याला नको सांगू. माना त्याचा राग नाय आता. पण मी हाय हे त्याला कळला तर तो ये म्हणंल. आन् तो ये म्हणला तर माझ्यानं नाय म्हणवायचा नाय. तो ओढा परत बघवायचा नाय माना. तू नको सांगू. मी नुसता ऐकंन."

मी तो आवाज मंगलताईंना ऐकवला. साइट त्याही चालवत होत्या, त्यांना तो अधिकार होता. ऐकून त्या उठल्या, चपला घातल्या.

"मी जाते वांगणीला. सांगते म्हाताऱ्याला. पोरगा जिवंत आहे एवढं कळायला नको त्याला?"

"ताई, त्याने नाही म्हटलंय."

"बाप आहे तो त्याचा."

"मग मोखाड्याच्या त्या बाईचाही नवरा आहे."

चपला घातलेल्याच त्या परत खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "हे दोन एकसारखे नाहीत गं." नव्हतेच. मलाही ते कळत होतं. पण एकाला सांगायचं आणि एकाला नाही, हे कोण ठरवणार होतं? मी? त्या दिवशी मी ठरवलं असतं तर उद्या कोणीतरी बांगड्यांच्या दुकानामागच्या त्या मुलीचंही ठरवलं असतं. आम्ही दोघींनी काहीच केलं नाही. जे मान्य केलं होतं ते पाळलं. पाळणं इतकं जड असतं हे आराखडा मांडताना कधी कळत नाही.

रावजीबाबा मात्र बोलू लागला. अंगणवाडीच्या ताईंच्या फोनवरून. निरोप सबंध गावासाठी असे, पण तो सुरुवात नेहमी एकाच नावाने करायचा. "किसन, वरला तुकडा कापून झाला. भात बरा हाय यंदा." "किसन, पांढऱ्या कोंबडीनं पिल्लं काढली. एक घारीनं नेला." "किसन, तुझी मावशी वारली." कधी 'ये' म्हणाला नाही. कुठे आहेस, असंही विचारलं नाही. एकदा नुसतं एवढंच: "किसन, रस्ता झाला आता. जीप पार दारापर्यंत येते. ओढ्यावर मोरी बांधली." मग बराच वेळ श्वासाचा आवाज, आणि ताईंचा, "झालं का बाबा?"

निरोप ठेवून झाला की तो तिथेच बसून राही. खूण करडी असायची. संध्याकाळपर्यंत ती हिरवी होई. वांगणीचे बाकीचे सभासदही ऐकत असणार, आणि कोणी ऐकलं ते खूण सांगत नसे. पण साइट सांभाळणारी म्हणून मला आत दिसायचं. पहिलं ऐकणारं माणूस जवळजवळ नेहमी एकच असायचं.

त्या हंगामात मी शेवटची वांगणीला गेले तेव्हा पाडा रिकामा व्हायला लागला होता. टेम्पो उभा होता. बायका हांडे, घोंगड्या, कोंबड्या चढवत होत्या. पोरं आधीच टपावर बसली होती, त्यांना मजा वाटत होती. भात घरात येऊन पडलं होतं आणि माणसं घराबाहेर निघाली होती. दरवर्षी असंच होतं, म्हणून कोणी रडत नव्हतं. एका घराचं दार बाहेरून काटक्या लावून बंद केलं होतं.

रावजीबाबा टेम्पोशी उभा राहून सगळ्यांना जपून जा म्हणत होता. माझ्याकडे आला.

"बाय, मी बोलतो ते कोणी ऐकतो ना?"

"ऐकतात, बाबा."

"रोज?"

"रोज."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्याला काही कळलं का, हे मी आजही सांगू शकणार नाही. त्याने टॉवेलने तोंड पुसलं आणि म्हणाला, "बस झाला मग." एवढं म्हणून तो टेम्पोच्या मागे गेला आणि खाली पडलेली एक घागर उचलून वर देऊ लागला.

त्यानंतर त्याने मला किसनबद्दल कधीच विचारलं नाही. विचारलं नाही याचाच मला जास्त त्रास झाला.

सांगावा अजून चालतो. काही सभासद वर्गणी भरायचे थांबले, काही नवे आले. मोखाड्याची ती मुलगी आईशी बोलत असते, मंगलताई सांगतात. मी माझ्या इतर कामांत गेले. बँकांच्या, शाळांच्या, दुकानांच्या साइटचे आराखडे मांडले. कुठल्याही बैठकीत माहिती गुप्त ठेवण्याचा मुद्दा आला की सगळे माना डोलावतात आणि पुढच्या मुद्द्यावर जातात. माझ्या डोळ्यांसमोर टॉवेलने तोंड पुसणारा माणूस येतो. मीही पुढच्या मुद्द्यावर जाते.

मागच्या वर्षी पावसाळ्यात मंगलताईंचा फोन आला. रावजीबाबा गेला. ताप आला, जीपने जव्हारला आणलं, वेळेत आणलं, पण अंगात काही राहिलं नव्हतं. शेवटचा निरोप आठवड्याभरापूर्वीचा होता, भाताची आवणी उरकली म्हणून सांगणारा. गेल्याचा निरोप मंगलताईंनी स्वतःच्या आवाजात टाकला. "संध्याकाळी खूण हिरवी झाली," त्या म्हणाल्या. किसन दहाव्याला आला नाही, बाराव्यालाही नाही. त्या वर्षीचं भात रावजीच्या भावाने कापलं.

यंदा किसन आला. भात पिकलं तेव्हा. मंगलताईंना त्याचा निरोप मिळाला की त्या बायला एकदा बोलव. म्हणून मी आले.

काल आम्ही वांगणीला गेलो. जीप खरंच दारापर्यंत गेली. खळ्यावर एक मध्यमवयीन माणूस भात झोडत होता. मला वाटलं होतं तो बापासारखा उंच असेल. तसा नव्हता. बुटका, रुंद, केस पांढरे व्हायला लागलेले. एका कारखान्यात बॉयलरवर होता इतकी वर्षं. त्याने आम्हाला बसायला घोंगडी घातली, पाणी दिलं. मंगलताई त्याच्या काकाच्या घरी गेल्या, मुद्दामच गेल्या असाव्यात. आम्ही दोघं खळ्यावर राहिलो.

"मी मोरीवरून चालत आलो," तो म्हणाला. "जीपमधून उतरलो आन् चालत आलो. खाली पाणी होता थोडा."

मी मोरीच्या दिशेने पाहिलं.

"बाप काय विचारायचा तुला?"

"तू आहेस का, एवढंच."

"आन् तू काय सांगायची?"

"कोणीतरी ऐकतंय, म्हणून."

त्याने पेंढ्याचा भारा बांधला, बाजूला लावला. पुन्हा येऊन उभा राहिला. त्याचा आवाज चढलेला नव्हता.

"मी नको म्हणलो होतो, ते खरा. पण तू सांगायला पायजे होता, बाय. मी नको म्हणलो तरी सांगायला पायजे होता."

या प्रश्नावर मी इतकी वर्षं मनातल्या मनात बोलत आले होते. ओढ्याचा उतार, मोखाड्याची मुलगी, परवानगी, कोणी ठरवायचं, सगळं मला पाठ होतं. त्यातलं काहीही खोटं नव्हतं. आजही कोणी विचारलं तर मी तोच नियम पुन्हा लिहीन.

"हो," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. मग उपणायला सूप भरून घेतलं, डोक्याच्या वर धरलं. वारा पडला होता. खाली दरीत कोणीतरी गुरांना हाका घालत होतं. तो तसाच हात वर धरून वाऱ्याची वाट बघत उभा राहिला, आणि मी त्याच्या बाजूला.